हाताला सोसणारी सुई

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या नवऱ्याने एका बिघडलेल्या गोष्टीला चांगली म्हटलं, आणि मी मान हलवली. घडलं ते एवढंच. पुढच्या खोलीतल्या लांब टेबलावर शार्दूल नावाच्या मुलाने दुरुस्तीला दिलेलं टर्नटेबल होतं, सत्तरच्या दशकातलं जपानी, दोघांनी उचलावं असं जड, आणि त्याचा तो नागमोडी हात तबकडीवर अलगद टेकलेला. हाताच्या टोकाला काट्रिज. म्हणजे सुई ज्यात बसलेली असते ती नखाएवढी डबी. ती यांनी आपल्या खणातून काढली होती, पस्तीस वर्षं सील न फोडलेली, नव्या नवरीसारखी. भावगीताची जुनी रेकॉर्ड लावली. पहिली ओळ नीट गेली. दुसऱ्या ओळीत बाईंनी ‘स’ म्हटला आणि तो फुटला. कढईत ओल्या हाताने मोहरी टाकावी तसा तडतडला. मग प्रत्येक ‘स’ तसाच. आणि मराठीत माणसाला ‘स’ शिवाय काही बोलताच येत नाही, सजणा आला, सांज आली, सगळं तडतडत आलं. हे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “कसं?” मी मान हलवली. “सरी,” ते इथल्या कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक, “बसलं.” आणि चष्मा कपाळावर सरकवून एका बोटाने शार्दूलला मेसेज टाकायला लागले, तयार आहे, घेऊन जा.

ती मान मी का हलवली हे मला नीट माहीत होतं, आणि तरी दुपारभर ती माझ्या खांद्यांवर कुणा दुसऱ्याची असावी तशी वाटत राहिली. जानेवारीत एकदा मी बाजारातून आले तर हे स्वयंपाकघरात फ्रिजचं दार सताड उघडं टाकून पेपर वाचत उभे. फ्रिज वरच्या पट्टीत पीं पीं करत होता. चांगला मोठ्याने. मी पिशवी हातात धरून दारात थांबले, किती वेळ कोण जाणे, आणि हे शांतपणे पान उलटत होते. तेव्हा सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं: डास कानाशी आला तरी हात न उठणं, मोबाईलचा गजर आता ऐकू येत नाही म्हणून तो उशीखाली थरथरायला ठेवणं, भव्या अमेरिकेतून फोनवर बोलायला लागली की, “तुझी मुलगी भराभर बोलते,” म्हणून फोन माझ्याकडे देणं. भव्या कधीच भराभर बोलत नाही, तिचा फक्त आवाज पातळ आहे. म्हणजे वरचे सूर गेले होते. खालचे होते; ट्रक, मृदंग, शेजारच्या नागनाथांचं खाकरणं, हे सगळं होतं. मी फ्रिज बंद केला आणि पिशवी रिकामी करायला लागले. संताजीराव म्हणजे कान, असं अख्ख्या राजाजीनगरात तीस वर्षं म्हटलं गेलंय. कुणाच्या घरचं यंत्र बेसूर झालं की, अण्णांना ऐकवून या. त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या दिवसापासून मी आपला चेहरा राखायला लागले. रेकॉर्ड लागली की गालावर, कपाळावर, ओठांवर काही उमटू द्यायचं नाही. देवळात गुरव बसतो तसं बसायचं. चार महिन्यांत सहा यंत्रं तशी गेली, आणि नशिबाने सहाही नीट होती. सातवं हे.

आणि नीट असायचीच, कारण या माणसाचं काम असं आहे की त्याबद्दल बोलायला लागले तर माझं मलाच थांबवता येत नाही. लोकांना वाटतं महागडी सुई आणली, लावली, झालं. हे म्हणतात, जड माणूस मऊ गादीवर झोपला तर रात्रभर डोलत राहतो आणि पोरसवदा माणूस फळीवर झोपला तर फळीचा प्रत्येक खिळा त्याला लागतो. हात जड असेल तर सुईची कमान, म्हणजे सुई जिच्यावर झुलते ती बारीक दांडी, ताठ हवी, हात हलका असेल तर कमान मऊ. दोघं मिळून एक झुलणं तयार होतं, प्रत्येक जोडीचं आपलं वेगळं. कुणी म्हणतं, म्हणजे अण्णा, तुम्ही पत्रिका जुळवता. ते म्हणतात, पत्रिकेत फसवता येतं. ते झुलणं सेकंदाला नऊ-दहा वेळा व्हावं, अशी त्यांची शर्त. त्याच्या खाली चालणाऱ्यांची पावलं आणि वाकड्या तबकडीची लाट. त्याच्या बरंच वर गाणं सुरू होतं. मधल्या रिकाम्या गल्लीत ते बसवायचं, चालणाऱ्याच्या पायातही नाही आणि गाणाऱ्याच्या गळ्यातही नाही. आणि गंमत अशी की ते झुलणं कुणालाच ऐकू येत नाही, तरण्याताठ्या कानालासुद्धा नाही. लोक त्यासाठी यंत्रं आणतात. यांनी केरसुणीची एक काडी घेतली, अर्ध्या बोटाएवढी, हाताच्या टोकाला मेणाने चिकटवली, आणि टेबललॅम्प असा ठेवला की काडीची सावली समोरच्या भिंतीवर वीतभर मोठी पडावी. मग मंद थरथराटाची रेकॉर्ड लावायची आणि सावली कुठे येऊन सर्वांत जास्त शहारते ते बघायचं. भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर दिवाळीला रंगाऱ्याला सांगावं लागतं की तेवढी जागा सोड. लग्नाला महिना झाला असेल, मी पहिल्यांदा ती सावली शहारताना बघितली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. न ऐकू येणारी गोष्ट एक माणूस केरसुणीच्या काडीने मला दाखवत होता. मी पीयूसी, म्हणजे बारावी, नापास. मला वाटलं, असं असेल तर आपणही शिकू.

शिकवलं कुणी नाही. सासूबाई म्हणायच्या, आमचे पूर्वज शहाजीराजांच्या मागोमाग या कानडी गावात आले. मला वाटतं आले आणि रहदारीत अडकून राहिले. त्या घरात सुनेने पुढच्या खोलीत पुरुषमाणसाच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर धरून बसणं म्हणजे थोडं जास्तच होतं. मी चहा द्यायच्या निमित्ताने जायची आणि कप परत न्यायचा विसरायची. कारखान्यातून हे साडेपाचला यायचे, सहाला दिवा लावून बसायचे. मी इंग्रजी माहितीपत्रकं शब्दकोश घेऊन वाचायची, अर्धी चुकीची. एकदा विचारलं, “हा हात कशासाठी इतका वाकडा?” तर म्हणाले, “तुझ्या भावासारखा, सरळ गेला तर पोचणार नाही.” तेव्हा कधीतरी त्यांनी माझ्यासाठी वेताची खुर्ची आणली. दोन स्पीकरच्या बरोबर मधे, भिंतीपासून तीन पावलं. स्वतः टेबलाशी स्टुलावर. माझी खुर्ची चांगल्या जागी आणि त्यांचं स्टूल कोपऱ्यात, दोन्ही स्पीकर त्यांना एका बाजूने ऐकू येणार. मला वाटायचं, काय हा माणूस, बायकोला मलई आणि स्वतःला ताक. मी बसले की ते माझ्याकडे बघत आणि विचारत, कसं? मी काहीतरी बोले, छान आहे, बरं आहे, आवाज पुढे आला. माझ्याकडे शब्द कुठे होते. आणि माझं बोलणं संपायच्या आधीच ते वळून हाताच्या मागच्या वजनाचा खिळा फिरवायला लागलेले असत. मला वाटे, उत्तर ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला. एकतीस वर्षं मी मनातल्या मनात त्याचा थोडा राग धरून होते, फार नाही, भाजीत एखादा खडा लागावा तेवढा.

शार्दूल चार वाजता आला. पुण्याचा, सर्जापूर रोडला राहतो, कंपनीत कसलंसं मोठं काम करतो आणि आमच्याकडे येताना चप्पल रस्त्यावरच काढतो. आजोबांचं यंत्र त्याने पुण्याहून गाडीत मांडीवर घेऊन आणलं होतं आणि इंटरनेटवर वाचून एक मऊ कमानीचं नवंकोरं काट्रिज त्याला बसवलं होतं. जड हात, मऊ सुई. त्याची बायको सिद्धी हॉलमधून चालत गेली की गाणं गटांगळ्या खायचं. “काका, ॲक्च्युअली सगळ्या फोरमवर हेच बेस्ट म्हणून दिलंय,” तो पहिल्या दिवशी म्हणाला होता. “असेल,” हे म्हणाले होते, “जोडा चांगलाच असतो रे, पाय कुणाचा आहे ते बघायचं.” आता त्याने रेकॉर्ड लावून बघितली नाही. तेच मला जास्त लागलं. यांनी भिंतीवरची सावली दाखवली, ती अगदी रेघेवर शहारत होती, आणि तो बघतच राहिला, माझ्यासारखाच, तोंड थोडं उघडं. “काका, हे कमाल आहे.” “ऐकून घे,” हे म्हणाले. “तुम्ही ऐकलंय ना,” तो म्हणाला, “मग झालं.” मी आत जाऊन नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन माझ्या मोबाईलवर आला. “अक्का, काकांना सांगू नका. मस्तच झालंय, आता कुणीही नाचलं तरी हात हलत नाही. फक्त सिद्धी म्हणतेय की ‘स’ जरा... माझेच स्पीकर असतील. मी स्पीकर बदलून बघतो.” तो लाखभराचे स्पीकर बदलायला निघाला होता, कारण अण्णांचा कान चुकणं त्याच्या हिशेबातच नव्हतं. मी म्हणाले, नको बदलूस, आम्ही रविवारी येतो. फोन ठेवला तर हे दारात. “कोण?” “शार्दूल. जेवायला बोलावतोय.” “असं,” ते म्हणाले. तीन दिवस मी खोटं रचत होते. वाटेत धक्का लागून सुई सरकली असेल. सर्जापूर रोडला वीज कमी-जास्त होते. तिथली हवा कोरडी. एक एक खोटं मी उजेडात धरून बघायची आणि परत ठेवायची. मला भीती कसली होती ते सांगते. हे एकदा म्हणाले होते, ज्या दिवशी माझ्या हातून कुणाची तबकडी खरवडून जाईल त्या दिवशी हे टेबल मोडून त्याचं देवघर करायचं. आणि तो माणूस बोललेलं करतो. टेबल गेलं तर सकाळी आंघोळ करून हा कुठे बसेल, हे मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं. स्टूल दिसायचं, स्टुलावर कुणी नाही.

रविवारी टॅक्सीत बसलो. सिल्क बोर्डच्या चौकाअलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. हे खिडकीतून पुलाच्या खांबाकडे बघत होते. त्याच खांबाला विचारावं तसं म्हणाले, “मान का हलवलीस?”

मला कळलं नाही असं मी दाखवलं. ते चांगलं जमलं नाही.

“मंगळवारी. फोनवर ‘नको बदलूस’ म्हणालीस, ते ऐकलं मी. ‘स’ फुटत होता?”

“फुटत होता,” मी म्हणाले.

“किती?”

“मोहरीसारखा.”

“हं. रबर वाळलंय आतलं. पस्तीस वर्षं झाली, वाळणारच.” ते अजून खांबाकडेच बघत होते. “मला नाही ऐकू आला. मला वरचं काही ऐकू येत नाही, तीनेक वर्षं झाली.”

“मला माहिती आहे.”

“कधीपासून?”

“जानेवारी. फ्रिज.”

आता ते माझ्याकडे वळले. “म्हणून? मला वाटलं तू कशावरून तरी चिडली आहेस. चार महिने तोंड हे असं, कोऱ्या पाटीसारखं. मी मनात म्हटलं, काय केलं मी. तुझ्या भावाला वाकडा म्हटलं ते आत्ता आठवलं की काय.” ड्रायव्हर मराठीचा एक शब्द न कळता हसला. “अगं, तीन वर्षं मी तुझ्या डाव्या भुवईवर काम करतोय. खराब झालं की ती अशी स्वल्प वर जाते, तू बोलायच्या कितीतरी आधी. उजवा स्पीकर खराब असला तर ओठाची तीच बाजू. तीन काय, त्याच्याही आधीपासून. माझा कान कधीच तुझ्याइतका नव्हता. लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं मला. खुर्ची काय तुला मलई खायला आणली होती?”

गाडी चार हात पुढे सरकली आणि थांबली. एकतीस वर्षांतला प्रत्येक ‘कसं?’ एकेक करून माझ्याकडे परत येत होता आणि वेगळाच दिसत होता. उत्तर त्यांना नको होतं असं नाही. उत्तर मिळालेलं असायचं. म्हणजे ते कोपऱ्यातलं स्टूल गाणं ऐकायला नव्हतंच ठेवलेलं, मला बघायला ठेवलेलं होतं. मला रागही आला, खोटं कशाला. माणसाने आपल्या तोंडाचं असं मोजमाप करावं, पेन्सिलीच्या रेघा मारल्यासारखं, आणि आपल्याला पत्ताही असू नये. आणि त्या रागाच्या खालून एक कौतुक वर येत होतं, ते काही केल्या खाली जाईना. केरसुणीच्या काडीतून न ऐकू येणारं बघणारा माणूस, तो बायकोच्या भुवईला सोडेल कसा.

“मला सांगायचं तरी,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तू चेहरा सांभाळला असतास.”

“तो मी सांभाळलाच.”

“तेच ना,” ते म्हणाले. “आता काय, मोडलंच ते.”

शार्दूलच्या इमारतीत वर जायला तीन ठिकाणी नाव सांगावं लागलं. सिद्धीने पोहे केले होते आणि ती अवघडून उभी होती. ‘स’ तिनेच ऐकला होता आणि आता पाहुण्यांच्या वयाकडे बघून तिला आपण ऐकलंच नसतं तर बरं, असं वाटत असावं. शार्दूल म्हणत होता, काका, काही प्रॉब्लेम नाही, खरंच, तुम्ही बसा आधी. हे बसले नाहीत. त्या पांढऱ्याशुभ्र हॉलच्या मधोमध उभे राहून म्हणाले, “शार्दूल, मी तुला खराब सुई दिली. मला वरचे सूर ऐकू येत नाहीत. कामाला दोघं असतो आम्ही, डोळे माझे आणि कान हिचे. परवा आमच्यात बोलणं नीट झालं नाही, त्यात तुझा ‘स’ गेला. तुझी ती मऊवाली सुई कुठे आहे? आण.” एवढंच. पोह्यांत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात. मी तीन दिवस ज्या गोष्टीला अंगाखाली झाकून बसले होते ती त्यांनी काढून सगळ्यांसमोर चहाच्या टेबलावर ठेवली, आणि कुणी मेलं नाही. सिद्धी म्हणाली, “माझ्या बाबांनाही नाही ऐकू येत काका, पण ते आम्हालाच ओरडतात, हळू बोलता म्हणून.”

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात हेडशेल होतं, हाताच्या टोकाला अडकवायचं ते धातूचं टाळकं, ज्याच्या पोटाला काट्रिज बसतं. मॅग्नेशियमचं, पिसासारखं. असं एकच आमच्या घरी आहे, यांच्या स्वतःच्या टर्नटेबलवर. सकाळी मी आंघोळीला गेले तेव्हा यांनी ते काढलं असणार, म्हणजे निघतानाच यांना सगळं ठाऊक होतं आणि मी वाटेत खोटं बोलते का ते बघत होते, किंवा बघत नव्हते, फक्त खांब बघत होते. हाताचं वजन टोकालाच कमी केलं की मऊ कमानीलाही तो सोसतो. साधी गोष्ट. पण त्यासाठी आपल्या यंत्राचं टाळकं काढून देणं साधं नाही, आणि मी हे बोलून दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, मला आता त्याचा काय उपयोग. तासभर ते वाकून काम करत राहिले. केसाएवढ्या चार तारा चिमट्याने लावल्या. शार्दूलच्या मोबाईलचा उजेड, सिद्धीच्या केरसुणीची काडी. भाड्याच्या घराच्या भिंतीवर सावली पडली, शहारली. “नऊ,” शार्दूल म्हणाला, श्वास रोखून. “साडेनऊ,” हे म्हणाले.

पुढचं काम कानाचं. त्यांनी मला सोफ्यावर मधोमध बसवलं आणि तीच रेकॉर्ड लावली. माझ्याकडे बघितलं. आणि माझं तोंड दगड झालं. भुवई कुठे असते, ती आपली आपण वर जाते की आपण नेतो, ओठाची कोणती बाजू, मला काही कळेना. लग्नाच्या फोटोत हसा म्हटल्यावर होतं तसं सगळं ताठ. ते बघत होते, आणि मला दिसत होतं की त्यांना काही दिसत नाहीये. ओळ गेली, दुसरी गेली. शार्दूल आणि सिद्धीसुद्धा माझ्याच तोंडाकडे बघायला लागले. त्यांनी सुई उचलली.

“शब्दात सांग,” ते म्हणाले.

“मला शब्द येत नाहीत ते.”

“मोहरी म्हणालीस ना टॅक्सीत.”

पुन्हा लावली. ते हाताच्या मागच्या वजनाशी वाकले, डोळे सुईच्या टोकावर. आजपर्यंत त्यांना एका वेळी एकच बघता यायचं, मी किंवा सुई. मी आवाज खाली उतरवला, छातीतून काढला, कारण पातळ आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही हे मला आता मोकळेपणाने वापरता येत होतं. “अजून फुटतोय,” मी म्हणाले. “पण मोहरी नाही. जिरं.” त्यांनी वजन किंचित फिरवलं. “आता तडतड गेली. रेशमी साडीचा ओचा घासतो तसा आहे. उजवीकडेच.” त्यांनी बाजूची लहान चकती हलवली. “आता बाई पुढे आल्या. त्यांनी ओळीआधी श्वास घेतला, तो ऐकू आला. पेटीवाल्याची बोटं पट्टीवरून उचलली जातात, त्याचा लाकडी आवाज आहे.” मी बोलतच सुटले होते. एवढं सगळं माझ्या आत कधीपासून होतं, आणि मी ते सगळं एका भुवईवर पाठवत होते. शार्दूलने फोन खाली ठेवला होता. बाईंनी ‘स’ म्हटला, स्वच्छ, पाण्यातून काढलेल्या ताटासारखा, पण कडव्याच्या शेवटी, तबकडीच्या अगदी आतल्या वळणावर, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथे केसाएवढी तडतड तेवढी राहिली होती. मंगळवारी मी एवढ्यावर कधीच मान हलवून मोकळी झाले असते.

“आता?” त्यांनी विचारलं. वळून नाही बघितलं. पाठ माझ्याकडे, डोळे सुईवर, बोटं वजनावर थांबलेली.

“अजून नाही,” मी म्हणाले, आणि नुसत्या पाठीवरून मला कळलं की ते खूश झालेत.